हातचा

सोहार बंदरामागे, कोल्ड स्टोरेजच्या पोटमाळ्यावर
आमची सर्व्हर रूम. पूर्वी इथे खजुराच्या पेट्या असत.
एसी लावला की अजून गोडसर वास येतो,
रॅकच्या पायाशी कुठून कुठून मुंग्या.

आज शुक्रवार. टेबलावर आठ डिस्क उताण्या,
दोन लहान, सहा मोठ्या.
बिजू पट्टीवर मार्करने नंबर लिहितोय:
‘रात्री दोनला कुठली मेली ते कळायला हवं, चेची.’

मागच्या वेळी पाच होत्या. चारांची बेरीज, एक हातचा.
पॅरिटी म्हणजे काय, हे बिजूला असंच सांगितलं होतं मी
(हातचा म्हणजे काय, ते सांगण्यात अर्धा तास गेला).
एक गेली तर हातच्यावरून परत मांडता येते.
दोन गेल्या
तर हात नुसता हात.

जुलै होता. एसी रात्रीच कधीतरी बंद पडलेला.
पहिली गेली, नवी घातली, भरायला एकोणीस तास.
अकराव्या तासाला दुसरी.
बॅकअप होता.
त्याच पेटीत, त्याच डिस्कांवर, शेजारच्या फोल्डरात.
मांडणी माझीच. जागा वाचवली म्हणून
तेव्हा कौतुकही झालं होतं.

दोनशे बारा माणसांच्या चौदा महिन्यांच्या हजेऱ्या.
साहेबांनी तोडगा काढला: सगळ्यांना सरासरी.
चौथ्या दिवशी जगतियालचा पोचय्या वर आला,
चपला दाराबाहेर काढून,
आणि सिमेंट कंपनीची एक डायरी
दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवली.
घामाने फुगलेली पानं. शिसपेन्सिल.
आत, बाहेर, ओव्हरटाइम. एकही दिवस गाळलेला नाही.
सहाशे बारा तास.
त्याचे त्याला मिळाले.
उरलेल्या दोनशे अकरांची सरासरी
अजून मला गेटवर भेटते, सलाम करते.

तर आता.
ईएक्सटी-फोर साधा, पडला तरी उठून चालू लागणारा.
एक्सएफएस मोठ्या फायलींना बरा,
पण एकदा पसरला की अंग चोरत नाही.
झेडएफएस रॅम पितो, दुपारी यार्डातून आलेल्या माणसासारखा,
पण वाचलेलं प्रत्येक अक्षर स्वतःच्याच सहीशी ताडून बघतो.
तोच घेते. रॅम मागेन.

दोन लहान डिस्कांवर फक्त सिस्टीम. ते बिऱ्हाड वेगळं.
सहा मोठ्यांच्या तीन जोड्या,
एकीत लिहिलं ते दुसरीतही.

मअमरी साहेबांनी कागद उलटसुलट केला.
‘सहा घेतल्या, तीनच वापरणार?
बाकीच्या तीन काय बघत बसणार?’
हो, म्हटलं. बघतच बसणार.

थिनचा विषय त्यांनीच काढला, कुठून तरी ऐकलेला.
प्रत्येक मशीनला सांगायचं, तुझे पाचशे जीबी,
देताना मात्र लागेल तेवढंच.
ओळखते मी हे. अंधेरीच्या एजंटने मलाही सांगितलेलं,
स्वतंत्र खोली, वर्षाआड तिकीट.
साहेबांना म्हटलं, तुमच्या आजोबांच्या बागेला
फलजचं पाणी पाळीने यायचं ना?
पाण्याहून जास्त पाळ्या विकल्या तर?
ते हसले नाहीत. सही केली.
पगाराच्या मशीनला जागा पूर्ण, आधीच मोजून.
बॅकअप रस्त्यापलीकडे, कस्टम्सच्या इमारतीत.

संध्याकाळी चालू पेटीतून एक डिस्क मुद्दाम ओढून काढली.
बिजूने डोळे मिटले.
पेटी किंचाळली, लाल झाली,
आणि गेटपासचं मशीन खाली ट्रक मोजत राहिलं.

उतरले तेव्हा रात्रपाळी आत शिरत होती.
पोचय्याने यंत्रावर अंगठा टेकवला, हिरवा दिवा लागला,
मग भिंतीला पाठ लावून खिशातून डायरी काढली.
पेन्सिल नखाएवढी उरलीय.

आता गरज नाही, असं काही मी त्याला म्हटलं नाही.
साहेबांच्या टेबलावर नव्या वर्षाच्या दोन डायऱ्या पडून आहेत.
उद्या एक मागते.